पुढचा कन्सोल आला की आत्ताच्याचं काय होतं, आणि कधी?

प्रश्न असा आहे: घरात पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) किंवा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस हा गेम खेळायचा कन्सोल आहे, नाहीतर अजून पीएस४च चालू आहे. पुढच्या पिढीच्या बातम्या सुरू झाल्या आहेत. हातातला कन्सोल अजून किती वर्षं कामाचा? आणि आज कन्सोल घ्यायचाच असेल तर घ्यावा की थांबावं?

आधी थेट उत्तर. पुढची पिढी बाजारात आल्यावर पहिली दोन-अडीच वर्षं बरेच मोठे गेम जुन्यावरही निघतात. मग ते झपाट्याने आटतात. पण फुटबॉल-बास्केटबॉलचे दरवर्षीचे गेम, फुकट खेळायचे ऑनलाइन गेम आणि छोट्या स्टुडिओंचे गेम पाच वर्षं सहज येत राहतात. स्टोअर आणि विकत घेतलेले गेम उतरवण्याची सोय त्याहूनही पुढे चालते. म्हणजे कन्सोल एका तारखेला संपत नाही, टप्प्याटप्प्याने निवृत्त होतो. यातला कोणता टप्पा तुमचा शेवट ठरेल, ते तुम्ही काय खेळता यावर आहे.

दोन पिढ्यांमधलं अंतर साधारण सहा ते आठ वर्षांचं असतं. पीएस२ मार्च २०००, पीएस३ नोव्हेंबर २००६, पीएस४ नोव्हेंबर २०१३, पीएस५ नोव्हेंबर २०२०. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ चा, एक्सबॉक्स वन २०१३ चा, सिरीज एक्स आणि एस २०२० चे. निन्टेंडोचा स्विच मार्च २०१७ ला आला, स्विच २ जून २०२५ ला. सोनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीसोबत पुढच्या चिपवरचं काम उघडपणे दाखवलं, आणि मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी जूनमध्ये एएमडीशी पुढच्या उपकरणांसाठी करार जाहीर केला. अशा घोषणा ऐकून लगेच कन्सोल विकायला काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घोषणा, बाजारात येणं, आणि फक्त त्याच्यासाठी बनवलेले गेम पुरेशा संख्येने येणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी सर्वांत उशिरा येते, आणि जुन्या कन्सोलचं वय तीच ठरवते.

पीएस४ चं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. पीएस५ आल्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, होरायझन फॉरबिडन वेस्ट पीएस४ वरही आला. मार्चमध्ये ग्रॅन टुरिस्मो ७ आणि नोव्हेंबरमध्ये गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक. तिन्ही सोनीचे स्वतःचे गेम, म्हणजे ज्या कंपनीला नवा कन्सोल खपवायचा होता तिचेच. पण एप्रिल २०२३ मध्ये होरायझनची पुढची कथा, बर्निंग शोअर्स, आली ती फक्त पीएस५ वर. सायबरपंक २०७७ ची फँटम लिबर्टी सप्टेंबर २०२३ ला आली, तीही नव्या पिढीसाठीच. बाल्डर्स गेट ३ पीएस४ वर आलाच नाही. ओसरण्याचं वर्ष २०२३, हे यातून स्पष्ट दिसतं. मूळ गेम जुन्यावर आणि त्याची पुढची भर फक्त नव्यावर, असं घडायला लागलं की ती उतरतीची पहिली पक्की खूण समजा.

त्याच २०२३ मधली आणखी एक गोष्ट. रेसिडेंट ईव्हिल ४ ची नवी आवृत्ती आणि स्ट्रीट फायटर ६ हे दोन्ही पीएस४ वर आले, एक्सबॉक्स वनवर आले नाहीत. दोन्ही यंत्रं एकाच वयाची, आतली रचनाही जवळजवळ सारखी. फरक खपाचा. पीएस४ अकरा कोटींहून जास्त विकला गेला, एक्सबॉक्स वन त्याच्या बराच मागे राहिला. जुन्यासाठी वेगळी आवृत्ती बनवायची तर चाचणी, दुरुस्ती, पॅच हा सगळा खर्च आला. तो भरून निघेल एवढे ग्राहक तिथे आहेत का, एवढाच हिशेब प्रकाशक करतो. म्हणून "माझं यंत्र किती ताकदवान" याच्याआधी "माझ्यासारखी यंत्रं किती घरांत चालू आहेत" हे विचारा. स्विचच्या आधीचा निन्टेंडोचा वी यू हे याचं दुसरं टोक. तो जेमतेम दीड कोटीच्या आत विकला गेला, आणि स्विच आला त्याच दिवशी निन्टेंडोने वी यूसाठी आपला शेवटचा मोठा गेम काढून हात झटकले.

ताकदीचा प्रश्न मात्र खोटा नाही. जुन्या यंत्रावर गेम नेमका कुठे अडतो, हे पाहिलं की पुढचा अंदाज बांधता येतो. लोक ग्राफिक्सकडे बोट दाखवतात, पण ग्राफिक्स ही कमी करता येणारी गोष्ट आहे. रिझोल्यूशन उतरवा, सावल्या साध्या करा, गवत विरळ करा, काम भागतं. न भागणाऱ्या गोष्टी तीन: प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क.

डिस्कचंच घ्या. पीएस४ मधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी. तिच्यातून सेकंदाला ५० ते १०० एमबी माहिती निघते, म्हणजे १ जीबी मेमरी भरायला १० ते २० सेकंद. पीएस५ ची एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, सेकंदाला ५.५ जीबी वाचते. पण खरी अडचण वेगाची नाही, शोधण्याची आहे. हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे सरकायला दर वेळी काही मिलिसेकंद घेतं. शहरातून गाडी भरधाव जात असेल तर समोरच्या चौकातली शेकडो छोटी चित्रं डिस्कवर विखुरलेली असून चालत नाही. म्हणून गेम बनवणारे एकच टपालपेटी, एकच बाकडं डिस्कवर शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवत असत, म्हणजे प्रत्येक चौकाचं सामान एका जागी सलग सापडेल. त्यामुळे गेमचा आकार फुगायचा, आणि तरीही नायकाच्या धावण्याचा वेग डिस्कला झेपेल एवढाच ठेवावा लागायचा. लांबलचक बोळ, संथ लिफ्ट, कपारीतून अंग चोरून सरकण्याचे प्रसंग यातले कितीतरी मागे माल चढवायला वेळ मिळावा म्हणूनच असत. एसएसडी गृहीत धरून रचलेला गेम मागे हार्ड डिस्कवर आणायचा म्हणजे नुसतं चित्र पुसट करून भागत नाही, जगच नव्याने मांडावं लागतं.

हे न करता गेम रेटला की काय होतं ते डिसेंबर २०२० मध्ये दिसलं. सायबरपंक २०७७ पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर इतक्या वाईट अवस्थेत आला, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्येच पुन्हा विक्रीला ठेवला. पिढीच्या उतरणीवर जुन्या कन्सोलसाठी नवा गेम घेताना, खोक्यावर तुमच्या यंत्राचं नाव आहे एवढ्यावर जाऊ नका. तुमच्याच मॉडेलवर चाललेला व्हिडिओ बघा, आणि त्यात गर्दीचा भाग, पाऊस, वेगात गाडी हे पाहा. सुरुवातीचा मोकळा भाग सगळीकडेच बरा चालतो.

प्रोसेसरचीही तीच कथा. पीएस४ चे आठ जॅग्वार कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरची गणनेची केंद्रं, जॅग्वार हे त्यांच्या रचनेचं नाव) १.६ गिगाहर्ट्‌झवर चालणारे, तेही २०१३ मध्येच मामुली. पीएस५ मध्ये झेन २ चे आठ कोअर ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत. ही झेप एवढी मोठी होती, की गर्दी, भौतिकी आणि शत्रूंची हुशारी यांवर उभा असलेला गेम मागे नेणं अशक्यच झालं.

आता पुढच्या वेळी हे असंच होईल का? माझं मत: पीएस५ आणि सिरीज एक्स पीएस४ पेक्षा जास्त काळ तग धरतील. एसएसडी दोन्ही पिढ्यांत असणार आहे, त्यामुळे सर्वांत मोठा खड्डा या वेळी नाही. प्रोसेसर जुना असला तरी दुबळा नाही. पुढच्या चिपवर सोनी-एएमडीने जे दाखवलं त्यात भर प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली काढणारं रे-ट्रेसिंग आणि लहान चित्रातून मोठं चित्र घडवणाऱ्या एआय तंत्रावर आहे. या दोन्ही गोष्टी जुन्या यंत्रावर बंद ठेवून किंवा साध्या करून गेम काढता येतो. त्यात गेम बनवायचा खर्च आणि काळ एवढा वाढलाय, की आठ कोटींहून जास्त पीएस५ घरांत असताना त्यांना वगळून पहिल्याच दिवसापासून गेम काढणं फार थोड्यांना परवडेल. एकच गोष्ट याच्या उलट जाईल. सगळा प्रकाश रे-ट्रेसिंगनेच करायचा असं ठरवून गेम बनू लागले, आणि साध्या प्रकाशाची पर्यायी मांडणी ठेवणं स्टुडिओंनी सोडून दिलं, तर हा काळ आखडेल. नव्या गेमच्या माहितीत "रे-ट्रेसिंग आवश्यक" असा उल्लेख वाढतोय का, याकडे लक्ष ठेवा.

सिरीज एसची बाब वेगळी. तिथे प्रोसेसर आणि एसएसडी धाकट्या भावंडासारखे नाहीत, जवळपास सिरीज एक्सच्या बरोबरीचे आहेत. ग्राफिक्स चिप लहान आहेच, पण खरी अडचण मेमरीची: एकूण १० जीबी, त्यातली ८ जीबी वेगवान आणि २ जीबी बरीच संथ. गेमच्या वाट्याला साधारण ८ जीबी येते. सिरीज एक्समध्ये गेमला १३.५ जीबी मिळते. मेमरी कमी पडली की चित्र पुसट करून फार तर थोडी जागा निघते, बाकीचं काहीतरी काढावंच लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर आला तेव्हा सिरीज एसवर पडदा विभागून दोघांनी खेळण्याची सोय काढलेली होती. या पिढीतलं आधी थकणारं यंत्र कोणतं म्हणाल तर हेच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी घाबरून विकू नये, पण आज नवं घेताना पाच वर्षांचा विचार असेल तर हे घेऊ नये.

पीएस५ प्रोमुळे आयुष्य वाढतं का? फारसं नाही. ग्राफिक्स चिप मोठी, जागा २ टीबी, चित्र सुधारणारं तंत्र चांगलं, पण प्रोसेसर तोच. पीएस५ वर जो गेम येणं बंद होईल, तो प्रोवरही येणार नाही. पीएस४ प्रोचंही हेच झालं होतं. चित्र आज चांगलं हवं असेल तर घ्या, चार वर्षं जास्त टिकेल म्हणून नको.

स्विचवाल्यांचा हिशेब वेगळाच. तिथे निन्टेंडोचे स्वतःचे गेम हेच मुख्य कारण असतं, आणि मारिओ कार्ट वर्ल्ड, डाँकी काँग बनांझा हे पहिल्या काही आठवड्यांपासूनच फक्त स्विच २ चे. पोकेमॉन लेजंड्स झेड-ए आणि मेट्रॉइड प्राइम ४ दोन्हींवर आले खरे, पण वळण स्पष्ट आहे.

ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचं घड्याळ आणखी निराळं. जीटीए ५ चा ऑनलाइन भाग पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर डिसेंबर २०२१ पर्यंत चालला, म्हणजे पुढची पिढी येऊन आठ वर्षं झाल्यावरही. उलट सतत वाढत जाणारा गेन्शिन इम्पॅक्ट २०२५ मध्ये हार्डवेअरच्या मर्यादा सांगून पीएस४ वरून माघार घेऊ लागला. अशा माघारीचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी स्टोअरवरून नवं डाउनलोड बंद, मग गेममधली खरेदी बंद, मग सेवा. पहिली पायरी दिसली की त्या गेममध्ये पैसे घालणं थांबवा आणि खातं दुसऱ्या यंत्रावर चालतं का ते तपासा. दरवर्षीचे खेळाचे गेम मात्र चिवट असतात. पीएस२ ला फिफा १४ मिळाला, तो २०१३ मध्ये, यंत्राचं उत्पादन थांबल्यानंतर. ईए स्पोर्ट्‌स एफसी २६ पीएस४ वर आहे. पण जुन्या यंत्रावरची आवृत्ती बऱ्याचदा जुन्याच इंजिनावर ताजे संघ चढवून दिलेली असते, हे माहीत असू द्या.

सदस्यत्वाकडेही बघा. सोनीने जानेवारी २०२६ पासून पीएस४ चे गेम हा आपल्या प्लेस्टेशन प्लस या सदस्यत्वातल्या मासिक गेमचा मुख्य भाग राहणार नाही असं वर्षभर आधी सांगितलं. केवळ त्या गेमांसाठी वर्षाचं सदस्यत्व भरणाऱ्या पीएस४ वाल्याने आता महिन्यामहिन्याने भरलेलं बरं.

स्टोअर बंद होतं ते सगळ्यात शेवटी. वी यू आणि निन्टेंडोच्याच हातात धरायच्या ३डीएसवरची खरेदी मार्च २०२३ ला थांबली, ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ ला. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर जुलै २०२४ ला. खरेदी बंद झाली तरी घेतलेलं उतरवता येत होतं, हे महत्त्वाचं. यापुढच्या यंत्रांवर मात्र "माझ्याकडे डिस्क आहे" ही खात्री तितकी पक्की नाही. स्विच २ च्या काही कार्डांत गेम नसतोच, फक्त उतरवण्याची किल्ली असते. पीएस५ स्लिमचा वेगळा मिळणारा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. घ्यायचा असेल तर सेवा चालू असतानाच घ्या आणि जोडून ठेवा.

यंत्राच्या शरीराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गेम येणं थांबण्याआधीच बरेच कन्सोल दुर्लक्षाने जातात.

पीएस४ संथ वाटतोय, मेनू अडखळतोय, तर बहुतेक वेळा डिस्क थकलेली असते. २.५ इंची, ९.५ मिमीपर्यंत जाडीची साटा एसएसडी बसते. आधी सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, बाहेर काढा. मग सोनीच्या संकेतस्थळावरून प्रणाली पूर्ण नव्याने टाकायची फाइल घ्या, ती साधारण १ जीबीची असते. इथेच लोक चुकतात: नेहमीच्या अपडेटची छोटी फाइल उतरवतात, आणि कोऱ्या डिस्कवर ती चालत नाही. यूएसबीवर पीएस४ नावाचं फोल्डर, त्यात अपडेट नावाचं, दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि आत ती फाइल नाव न बदलता. दोनदा उतरवली असेल तर नावापुढे कंसातला आकडा लागतो आणि कन्सोलला ती सापडत नाही. डिस्क बदलून पॉवरचं बटण दुसरा आवाज येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोडमधला सातवा पर्याय निवडा.

पीएस४ अजून जुन्या प्रणालीवर पडून असेल तर ९.०० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर आणून ठेवा. आतलं घड्याळ चालवणाऱ्या सीआर२०३२ सेलचा जीव गेल्यावर सर्व्हरशी बोलता आलं नाही तर गेमच सुरू होत नसत. ती अडचण सप्टेंबर २०२१ च्या त्या आवृत्तीने दूर केली.

पीएस५ मध्ये जागा वाढवायची तर एम.२ एसएसडी: चौथ्या पिढीची पीसीआय एक्सप्रेस, सेकंदाला ५५०० एमबी किंवा जास्त वाचणारी, २५० जीबी ते ८ टीबी. लांबीत २२८० सगळ्यात सोयीची. उष्णता खेचून घेणारा हीटसिंक लागतोच, आणि त्याच्यासकट एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी. पीसीसाठीचे उंच हीटसिंक इथेच अडतात आणि झाकण बसत नाही. स्पेसर योग्य भोकात सरकवायला विसरलात तर स्क्रूने पट्टी वाकते. यूएसबी डिस्कवर पीएस५ चे गेम नुसते ठेवता येतात, खेळता येत नाहीत. पीएस४ चे तिथूनही चालतात. एक्सबॉक्स सिरीजवरही हाच नियम, तिथे वेगवान जागेसाठी कंपनीच्या खास पद्धतीचं कार्डच घ्यावं लागतं.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो गरगरा फिरू देऊ नका. पीएस४ ची वाळलेली थर्मल पेस्ट सवय असेल तर घरी बदलता येते. पीएस५ मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहतो, एक थेंब इकडेतिकडे गेला तर बोर्ड गेला. त्याला हात लावू नका. पंख्याचा आवाज अचानक वाढला आणि गेममध्येच यंत्र बंद पडू लागलं, तर आधी जाळीतली धूळ आणि मागची मोकळी जागा बघा, मग दुरुस्तीवाल्याकडे न्या.

कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकू लागते, ते आतला कार्बनचा पट्टा झिजल्यामुळे. साफ करून काही आठवडे भागतं, खरा उपाय भाग बदलणं. एक्सबॉक्सचा साध्या सेलवर चालणारा कंट्रोलर यात शहाणा ठरतो, बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्नच नाही.

मग घ्यावं की थांबावं? कन्सोल घरात नसेल आणि खेळायचे दहा गेम आजच ठरलेले असतील तर पीएस५ किंवा सिरीज एक्स घ्या. या वेळी किमती पिढीच्या उतरणीला उतरण्याऐवजी चढल्या आहेत, त्यामुळे थांबून स्वस्त मिळेल हे जुनं गणित धरू नका. पीएस४ आहे आणि फक्त फुटबॉल खेळता? अजून एक-दोन मोसम काढता येतील. जीटीए ६ खेळायचाच असेल तर पीएस४ आणि एक्सबॉक्स वनचा विषय संपला, तो फक्त पीएस५ आणि सिरीज एक्स-एससाठी जाहीर झालाय. आणि पीएस५ असेल तर पुढचा कन्सोल पहिल्या दिवशी घ्यायचं कारण शोधूनही सापडणार नाही. जुने गेम नव्यावर चालतील का हे स्पष्ट होईपर्यंत, आणि फक्त नव्यावर असलेले किमान तीन गेम तुमच्या यादीत येईपर्यंत जुन्यावरच बसा.

जुना विकायची वेळ आली की सेव्हची सोय आधी करा. पीएस५ चे सेव्ह एकेक करून यूएसबीवर घेता येत नाहीत. एक तर प्लसच्या क्लाउडवर चढवा, नाहीतर सेटिंग्जमधून पूर्ण बॅकअप यूएसबी डिस्कवर घ्या, किंवा दोन कन्सोल एकाच नेटवर्कवर ठेवून थेट हलवा. ट्रॉफी त्या बॅकअपमध्ये येत नाहीत, त्या आधी सर्व्हरशी जुळवून घ्या. स्विचचे सेव्ह आतल्या मेमरीत असतात, मायक्रोएसडीवर नाही. कार्ड काढून घेतलं म्हणजे सगळं वाचलं, असं समजून यंत्र पुसून टाकणाऱ्यांची शेकडो तासांची कमाई तिथेच जाते. एक्सबॉक्सवर सेव्ह आपोआप क्लाउडवर जातात, तरी शेवटचा गेम बंद करून यंत्र काही मिनिटं ऑनलाइन राहू द्या आणि मगच फॅक्टरी रीसेट करा.